सिंधुदुर्गातल्या 18 हजार 616 बायका

2001 साली सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या 8 लाख 68 हजार 825 होती. 2011 साली ती 8 लाख 49 हजार 651 भरली. दहा वर्षांत 19 हजार 174 माणसं कमी झाली. तेव्हा ही बातमी सगळीकडे छापून आली, ‘कोकण ओस पडतंय’ अशी हळहळ झाली आणि विषय मागे पडला. मीही तो आकडा वाचला आणि सोडून दिला. बऱ्याच वर्षांनी जनगणनेचे तक्ते पुन्हा समोर आले तेव्हा पुरुष आणि स्त्रिया असे दोन रकाने वेगवेगळे वजा करून पाहिले.

पुरुष 4 लाख 17 हजार 890 होते, ते 4 लाख 17 हजार 332 झाले. म्हणजे 558 कमी. बायका 4 लाख 50 हजार 935 होत्या, त्या 4 लाख 32 हजार 319 झाल्या. म्हणजे 18 हजार 616 कमी. जिल्ह्याच्या लोकसंख्येतून जी शंभर माणसं उणी झाली, त्यांत 97 बायका होत्या.

मी वजाबाकी दोनदा करून पाहिली. कारण आमच्याकडे लहानपणापासून ऐकलेलं चित्र याच्या बरोबर उलटं आहे: कोकणातला पुरुष मुंबईला जातो, बाई गावाला राहते. माझं आजोळ शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यातलं. आजोबा परळला गिरणीत, आजी गावात. वर्षातून दोनदा आजोबा यायचे, गणपतीला आणि जमलं तर शिमग्याला. वाडीतल्या बहुतेक घरांची हीच कथा. पुरुष गेला तरी घर उघडं असायचं, गोठ्यात गुरं असायची, कुणग्यात, म्हणजे भातखाचरात, भात असायचं. आज त्याच वाडीत सरळ रेषेत चार घरं बंद दिसतात. त्या घरांना कुलूप पुरुष गेला तेव्हा लागलं नव्हतं. शंभर वर्षं पुरुष जातच होते.

रत्नागिरी जिल्ह्याचे आकडेही ताडून पाहिले. 16 लाख 96 हजार 777 वरून 16 लाख 15 हजार 69. घट 81 हजार 708, म्हणजे पावणेपाच टक्क्यांहून थोडी जास्त. पुरुष 33 हजार 377 कमी, बायका 48 हजार 331 कमी. इथं पुरुषही मोठ्या संख्येनं गेले, पण बायका त्यांच्यापेक्षा जास्त गेल्या. त्याच दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास 16 टक्क्यांनी वाढली. शेजारचा रायगड 19 टक्क्यांनी वाढला. राज्यातल्या तेव्हाच्या 35 जिल्ह्यांपैकी फक्त तीन आटले: रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि मुंबई शहर. तिसरं नाव योगायोगानं आलेलं नाही, त्याकडे पुढे येतो.

मनीऑर्डर कोण पेलत होतं

मुंबईची पहिली कापड गिरणी 1850 च्या दशकात सुरू झाली आणि कोकणातून माणसं जायला लागली. 1911 च्या जनगणनेच्या वेळी मुंबईच्या गिरणी कामगारांपैकी जवळपास निम्मे रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. (तेव्हा सिंधुदुर्ग वेगळा नव्हता. तो 1 मे 1981 ला रत्नागिरीतून निघाला.) जमीन डोंगरउताराची, भाताचे तुकडे लहान, वर खोताचं, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या वतनदाराचं, देणं. पावसाळ्यात पिकलेलं भात बहुतेक घरांना वर्षभर पुरत नसे. रोख पैसा लागायचा आणि तो गिरणीतून यायचा. पोस्टमन मनीऑर्डर घेऊन यायचा, म्हणून जिल्ह्याला नाव पडलं ‘मनीऑर्डरचा जिल्हा’.

हे नाव पैसे पाठवणाऱ्याच्या बाजूनं ठेवलेलं आहे. दुसऱ्या बाजूचा हिशेब कुणी मांडला नाही. मुंबईत गिरणी कामगाराला मिळणाऱ्या मजुरीत बायको-पोरांसकट शहरात राहणं शक्य नव्हतं. तो गावकीच्या खोलीत राहायचा. एका खोलीत गावचे दहा-पंधरा-वीस जण, प्रत्येकाची एक ट्रंक, झोपायला पाळीपाळीनं जागा, जेवायला खानावळ. गिरणीला एवढ्या मजुरीत कामगार मिळत होता, कारण त्याची म्हातारी आई, त्याची मुलं आणि त्याचं आजारपण गावातली बाई सांभाळत होती. संपात पगार थांबला की कामगार गावाला यायचा आणि तिनं लावलेलं भात खायचा. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले, तेव्हाही हजारो लोक कोकणात परतले आणि महिनोन् महिने गावच्या भातावर राहिले. माझ्या दृष्टीनं मुंबईच्या कापड धंद्याच्या नफ्यातला एक वाटा कोकणातल्या बाईच्या बिनपगारी श्रमाचा आहे, आणि तो कुठल्याच ताळेबंदात आलेला नाही.

तिचं काम म्हणजे काय, हे नव्या वाचकांसाठी सांगायला हवं. शिमग्याच्या आधीच्या दिवसांत कवळ, म्हणजे झाडांच्या डहाळ्या, तोडायची, पालापाचोळा, शेण आणि गवत पसरून भाजावळ करायची, म्हणजे रोपांची जमीन भाजायची. पावसाच्या तोंडावर पेरणी, मग तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढायचा, त्याच्या मुठी बांधायच्या, चिखलात वाकून लावणी करायची. बेणणी (तण काढणं), कापणी, झोडणी, पेंढ्याची उडवी रचणं. त्यातच गुरांचं, पाण्याचं, जळणाचं, सासूसासऱ्यांचं. नांगराला पुरुष लागायचा, तो भावकीतला कुणीतरी मिळायचा. बाकी सगळं तिच्या हातात. म्हणून पुरुष गेला तरी शेती चालायची. ती गेली की त्या वर्षापासून कुणगा पडीक.

हजारी 1205

1991 साली रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1205 स्त्रिया होत्या. 2001 साली 1136. 2011 साली 1122. सिंधुदुर्गात 2001 साली 1079 आणि 2011 साली 1036.

देशात कुठेही हे प्रमाण हजाराकडे सरकलं की आपण त्याला चांगली खूण मानतो, कारण इतर ठिकाणी ते खालून वर चढत असतं. कोकणात ते वरून खाली उतरतं आहे. 1205 हा आकडा कधीच निरोगी नव्हता. तो नवऱ्यावाचून राहणाऱ्या बायकांचा आकडा होता. त्यामुळे तो खाली आला याचं कौतुकही करता येईल: एकत्र राहणारी कुटुंबं वाढली. मलाही ते तसंच वाटतं. माझ्या आजीनं लग्नाच्या आयुष्यातली बहुतेक वर्षं नवऱ्याशिवाय काढली. तिच्या सुनांनी आणि नातसुनांनी तसं का काढावं? गाव राखायला बाईनं मागे राहावं, असं म्हणण्याचा कुणालाच अधिकार नाही. हे इथंच सांगून टाकतो, कारण कोकण ओस पडल्याची हळहळ करणाऱ्या बऱ्याच लिखाणात ही अपेक्षा आडून बसलेली असते.

या घटीत एकच प्रवाह नाही. पूर्वी नवरे मुंबईत असताना गावात राहिलेल्या बायकांची पिढी आता थकली आहे आणि एकेक करून जाते आहे. शिवाय रोजगार गावाजवळ मिळाला की पुरुष थांबतो. सिंधुदुर्ग 1997 साली देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, मालवण-तारकर्लीला हॉटेलं आणि होड्या आल्या. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ल्याहून रोज किंवा आठवड्याच्या बोलीनं गोव्यात कामाला जाणारे पुरुष पुष्कळ. असा पुरुष जनगणनेत गावातच मोजला जातो. पुरुषांची घट 558 वर थांबली त्यात याचा वाटा आहे. पण मुख्य प्रवाह तरुण बाईचा आहे: लग्न होऊन मुंबईकडे गेलेली, मुलांच्या शाळेसाठी नवऱ्याकडे गेलेली, शिकायला गेलेली आणि मग तिकडेच नोकरी धरलेली.

आणि हेही लक्षात घ्यावं की त्या दशकात या जिल्ह्यांत जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते. तरीही बेरीज उणी आली. म्हणजे बाहेर गेलेल्यांची खरी संख्या 19 हजार आणि 82 हजार यांहून मोठी आहे. नैसर्गिक वाढ गिळून वर ही तूट आहे.

खोलीचा आकार

बाई आधी का गेली नाही आणि आताच का गेली? उत्तर मुंबईतल्या खोलीत आहे.

1982 च्या संपानंतर गिरण्या सावरल्या नाहीत. एकेक बंद होत गेली, पुढे त्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. लालबाग-परळच्या गावकीच्या खोल्या सुटल्या. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या 2001 ते 2011 मध्ये 33 लाख 38 हजारांवरून 30 लाख 85 हजारांवर आली, म्हणजे साडेसात टक्के घट. आणि तेव्हाचा ठाणे जिल्हा 81 लाखांवरून 1 कोटी 10 लाखांवर गेला, 36 टक्के वाढ. नालासोपारा, विरार, दिवा, डोंबिवली, बदलापूर. गिरणीच्या बोनसमधून, गावच्या वाटणीतून, बायकोच्या दागिन्यांतून तिथं एक खोली झाली. चाळीत, मग वन रूम किचन. नोकरी गिरणीपेक्षा बेभरवशाची: सिक्युरिटी, कुरिअर, रिक्षा, दुकानात, कंत्राटी हाउसकीपिंग. पण खोली स्वतःची, आणि तिच्यात कुटुंब मावत होतं. एका पगारात भागत नसेल तर बाईला तिथं काम मिळत होतं, पोळीभाजीचं, शिवणाचं, घरकामाचं, पुढे मॉलमधलं. गावात तिला कामाची ददात कधीच नव्हती, फक्त त्याचे पैसे मिळत नव्हते.

गावाकडच्या आणि मुंबईतल्या या दोन घटी मला एकाच गोष्टीची दोन टोकं वाटतात. रत्नागिरीची वाडी आणि लालबागची खोली यांना बांधणारी दोरी दीडशे वर्षं होती. दोन्ही टोकांची माणसं सुटून तिसऱ्याच ठिकाणी, वसई-विरार आणि कल्याणच्या पलीकडे गेली.

कोकण रेल्वेचं काय? 26 जानेवारी 1998 ला संपूर्ण मार्ग सुरू झाला. रेल्वेमंत्री राहिलेले प्रा. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस, आणि मार्ग बांधणारे ई. श्रीधरन यांची नावं आमच्या घरांत आदरानं घेतली जातात, घ्यायलाच हवीत. रेल्वे आली की कारखाने येतील, माणसं थांबतील, अशी आशा होती. प्रत्यक्षात रेल्वेनंतरचं पहिलं संपूर्ण दशक हेच लोकसंख्या घटण्याचं दशक ठरलं. याचं कारण सोपं आहे. एसटीच्या रात्रभराच्या घाटवळणांच्या प्रवासात दोन लहान मुलं आणि सामान घेऊन वर्षातून चारदा येणं अवघड होतं. गाडीनं ते जमू लागलं. संपूर्ण कुटुंब हलवायचं आणि तरी गणपती गावात करायचा, हे शक्य झालं. गाव सोडण्याची किंमत रेल्वेनं कमी केली. रेल्वेचा दोष काढत नाही. रस्ता दोन्ही दिशांना जातो आणि रोजगार एकाच टोकाला असला की माणूस त्या टोकाकडे सरकतो, इतकंच.

झाडांची अर्थव्यवस्था

बाई गेल्यावर जमिनीचं काय झालं, हा या प्रकरणाचा आर्थिक गाभा आहे.

1990 पासून राज्यानं रोजगार हमीशी जोडलेली फळबाग लागवड योजना आणली. कोकणच्या वरकस, म्हणजे हलक्या जमिनीच्या, डोंगरउतारांवर आंबा आणि काजूची कलमं उभी राहिली. योजना चांगली होती, तिनं अनेक घरांना उत्पन्न दिलं. पण तिच्या यशात एक गोष्ट दडली आहे. भाताला माणूस रोज लागतो. कलमाला पहिली काही वर्षं पाणी आणि राखण, मग मोहोराच्या दिवसांत फवारणी, आणि काढणीचे दोन-तीन महिने. मालक विरारला राहू शकतो. तो बाग कराराने देतो, वर्षाचे ठरावीक पैसे घेतो. भात गेलं आणि कलम आलं, तेव्हाच घरातल्या माणसाची गावात असण्याची गरज संपली. आणि जिथं माणूस आधीच कमी होता तिथं कलम लावणं हाच शहाणपणा होता. दोन्ही एकमेकांना ढकलत राहिलं.

मग राखण कोण करतं? रत्नागिरीच्या हापूसच्या बागांमध्ये हंगामात गेलं की नेपाळी बोलणं कानावर पडतं. बागेच्या खोपीत नेपाळी कुटुंब राहतं, राखण, फवारणी, झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, आंबा उतरवणं, पेट्या भरणं सगळं तेच करतं. मिरकरवाड्याच्या बंदरात बोटींवर नेपाळी आणि कर्नाटकातले खलाशी असतात. चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, आणि बांधकामावर कर्नाटकातले मजूर. ज्या जिल्ह्यांतून लाखभर माणसं एका दशकात उणी झाली, त्याच जिल्ह्यांना हजारो माणसं बाहेरून आणावी लागतात. ‘कोकणात रोजगार नाही’ हे वाक्य म्हणून अपुरं आहे. हंगामी, अंगमेहनतीचा, चार महिन्यांचा रोजगार आहे. मॅट्रिक-पदवी झालेल्या मुलामुलीला वर्षभर पुरेल असा नाही. रत्नागिरीची साक्षरता 2011 साली 82 टक्क्यांच्या वर आणि सिंधुदुर्गाची 85 टक्क्यांच्या वर होती. शिकलेली मुलगी झेला घेऊन झाडाखाली उभी राहणार नाही, आणि राहायचं कारणही नाही.

उरलेल्या भातजमिनीचं आणखी एक दुखणं आहे, सातबाऱ्याचं. एका गुंठ्याच्या उताऱ्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, काही मुंबईत, एखादा बडोद्यात. वाटप झालेलं नाही. कसायला घ्यावं तर कुणाची संमती घ्यायची? अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीनं, द्यावं तर कुळ लागेल, म्हणजे कसणारा जमिनीवर कायद्यानं हक्क सांगेल, ही 1948 च्या कुळकायद्यापासूनची भीती अजून घराघरांत आहे. म्हणून जमीन पडीक राहते, तिच्यात रान माजतं, रानात डुक्कर आणि वानर येतात, आणि शेजारी जो एकटा अजून भात लावतो त्याचं पीक रात्रीत जातं. दुसऱ्या वर्षी तोही लावत नाही. एका घराचं कुलूप दुसऱ्याची शेती कशी बंद पाडतं, हे पाहायचं असेल तर पावसाळ्याच्या शेवटी कुठल्याही वाडीत जावं.

पैसा मात्र येतो. मनीऑर्डर गेली, मोबाइलवरून येतो. गेल्या वीस वर्षांत वाड्यांत स्लॅबची घरं भराभर उठली, जुनी कौलारू पाडून. देवळांचे जीर्णोद्धार झाले, संगमरवर बसला. ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ वर्गणी काढतं, पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बांधून देतं, स्मशानशेड बांधतं. या मंडळांच्या निष्ठेबद्दल मला मनापासून आदर आहे. पण बहुतेक पैसा अशा घरांत गेला जी वर्षातले अकरा महिने बंद असतात. त्यातून गवंड्याला काम मिळालं, चिऱ्याला गिऱ्हाईक मिळालं, वाडीतल्या पोरीला कायमची नोकरी मिळाली नाही.

उरलेल्यांचं गाव

2011 साली महाराष्ट्रात 60 वर्षांवरचे लोक जवळपास दहा टक्के होते. या दोन जिल्ह्यांत त्यांचा वाटा राज्याच्या सरासरीपेक्षा बराच जास्त आहे. आजारपण आलं की सिंधुदुर्गातला माणूस गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाकडे धाव घेतो. तिथं पेशंटबरोबर कुणीतरी थांबावं लागतं, आणि घरात तर दुसरी म्हातारी माणसं. पूर्वी हे काम सुनेचं मानलं जायचं. आता शेजारच्या वाडीतली कुणी पैसे घेऊन येते, मिळाली तर. म्हातारपणाची काळजी हा ग्रामीण कोकणात आता खरा, पगारी रोजगार होऊ शकतो, आणि त्यासाठी प्रशिक्षित बायका इथंच राहू शकतात, असं मला वाटतं. या दृष्टीनं विचार करणारं फार कमी दिसतं.

शाळेचं गणित क्रूर आहे. मुलं घरातल्या तरुण बाईबरोबर जातात. ती गेली की पट घसरतो. 2023 साली राज्याच्या शिक्षण विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांसाठी समूह शाळांचे, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत मिसळण्याचे, प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यभरात अशा जवळपास 15 हजार शाळा होत्या. कोकणात वाड्या विखुरलेल्या, मध्ये पऱ्या, म्हणजे ओढे, आणि घाटी. पावसाळ्यात सहा वर्षांच्या मुलानं पऱ्या ओलांडून दुसऱ्या गावच्या शाळेत जायचं म्हणजे काय, हे नकाशावर अंतर मोजून कळत नाही. शाळा दूर गेली की वाडीत उरलेली शेवटची दोन तरुण कुटुंबंही निघतात. खर्च वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय घट आणखी पुढे रेटतो. 

आणि लग्नं. गावात राहून बाग, मासेमारी किंवा छोटा धंदा करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आता प्रत्येक वाडीत आहे. ‘मुंबईत रूम आहे का?’ हा पहिला प्रश्न. मुलीच्या आईनं तो विचारला तर तिला नावं ठेवली जातात. मला तिचं म्हणणं पटतं. ती स्वतः चिखलात उभी राहून, डोक्यावरून पाणी आणून, नवऱ्याची वाट पाहत जगली. तिला गावातल्या आयुष्याचा पूर्ण हिशेब माहीत आहे. मुलीसाठी ती वेगळं मागते, त्यात चूक काय?

11 वरून 8

लोकसंख्या घटल्याचा परिणाम मतपेटीवरही होतो, याकडे कोकणात उशिरा लक्ष गेलं. 2008 साली मतदारसंघांची फेररचना झाली, ती 2001 च्या जनगणनेवर. राज्याच्या एकूण जागा तेवढ्याच राहिल्या, 48 आणि 288. पण ज्या भागाची लोकसंख्या इतरांच्या मानानं मंद वाढली त्याच्या जागा दुसरीकडे गेल्या. रत्नागिरी जिल्ह्यातले विधानसभा मतदारसंघ 7 वरून 5 झाले, सिंधुदुर्गातले 4 वरून 3. खेड, संगमेश्वर, मालवण, देवगड, वेंगुर्ला ही नावं यादीतून गेली, कणकवली आणि कुडाळ आली. लोकसभेचा राजापूर मतदारसंघ संपला. बॅ. नाथ पै आणि त्यांच्यानंतर सलग पाच वेळा प्रा. मधु दंडवते जिथून निवडून गेले, ते नाव आता मतपत्रिकेवर येत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्ग असा एक मतदारसंघ उरला आणि दापोली-गुहागर रायगडाला जोडले गेले.

लक्षात घ्या, हे 2001 च्या आकड्यांवर झालं. तेव्हा दोन्ही जिल्हे अजून वाढत होते, फक्त मंद गतीनं. प्रत्यक्ष घट त्यानंतरची आहे. 2021 ची जनगणना झाली नाही, पुढची 1 मार्च 2027 च्या संदर्भदिनांकाची ठरली आहे. त्या आकड्यांवर पुन्हा फेररचना झाली तर 8 चे किती राहतील? ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतही लोकसंख्येला मोठं वजन असतं. गणपतीत पाण्याची योजना दुप्पट-तिप्पट माणसांना पुरवावी लागते, निधी मात्र मार्चमध्ये मोजलेल्या माणसांच्या हिशेबानं येतो. डोंगराळ आणि विखुरलेल्या वस्तीला माणशी खर्च जास्त येतो, हे निकषात स्पष्ट आणि वजनदारपणे यायला हवं. उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि पौडी गढवाल या जिल्ह्यांची लोकसंख्याही 2001 ते 2011 मध्ये घटली, केरळातल्या पथनमथिट्टा आणि इडुक्कीचीही. मागणी एकट्या कोकणाची नाही. हे जिल्हे एकत्र येऊन बोलले तर आवाज मोठा होईल.

काय करता येईल, याबद्दल माझं मत

लोकांना परत आणण्याच्या घोषणा मला पटत नाहीत. 2020 च्या टाळेबंदीत चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करणारे कोकणी, मोठ्या संख्येनं परतले, जिल्हा परिषदेच्या शाळांत विलगीकरणात राहिले. काहींनी पडीक जमीन साफ करून भातही लावलं. मग मुंबई सुरू झाली आणि मुलांची शाळा सुरू झाली, तशी बहुतेक कुटुंबं गेली. परतण्याची ओढ खरी आहे, ती फक्त पगाराची जागा भरू शकत नाही.

प्रश्न उलट विचारावा: आज गावात असलेली पंचविशीतली बाई राहायचं ठरवेल, ते कशावर? मोठ्या कारखान्यांच्या वादात हा प्रश्न हरवतो, कारण दोन्ही बाजूंना डोळ्यांसमोर पुरुष कामगार असतो. सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेच्या कारखान्यांत काम करणारी बहुसंख्य माणसं बायकाच आहेत. वेंगुर्ला, सावंतवाडी, कुडाळकडे सकाळी टेम्पोनं कामावर जाणाऱ्या बायका दिसतात. कामाची मजुरी कमी आहे, बिया फोडताना तेलानं हात पोळतात, यंत्रं आल्यावर काही ठिकाणी सुधारणा झाली. पण ज्या गावात असा कारखाना एसटीच्या किंवा टेम्पोच्या टप्प्यात आहे, तिथं तरुण कुटुंबं थांबलेली मी पाहिली आहेत. वर्षभराचं, घरी परत येता येईल अशा अंतरावरचं आणि तिच्या हातात रोख पैसा देणारं काम. त्याच्या जोडीला सकाळ-संध्याकाळची भरवशाची एसटी, चालत जाता येईल अशी शाळा. एसटीची फेरी उत्पन्न कमी म्हणून बंद होते तेव्हा त्या फेरीवर कारखान्यात जाणाऱ्या आठ बायकांची नोकरी जाते. त्यातली दोन घरं पुढच्या जूनमध्ये, शाळा सुरू होण्याआधी, नालासोपाऱ्याला निघतात. हा तोटा एसटीच्या हिशेबात दिसत नाही.

दुसरं, सामाईक सातबाऱ्यावर मालकी न हलवता कसण्याचा हक्क ठरावीक वर्षांसाठी देता येईल अशी सोपी, तलाठी पातळीवर नोंदता येणारी पद्धत हवी, कुळाची भीती काढून टाकणारी. पडीक कुणगे बचत गटातल्या बायकांनी एकत्र कसायला घेतल्याची उदाहरणं कोकणात आहेत. त्यांची अडचण दरवेळी एकच असते, नावं आणि सह्या.

येत्या जनगणनेत प्रगणक आमच्या आजोळच्या वाडीतही येईल. आजीच्या घरावर क्रमांक घातला जाईल आणि ते रिकामं म्हणून नोंदलं जाईल. पुढे जिल्ह्यांचे तक्ते प्रसिद्ध होतील तेव्हा एकूण लोकसंख्येचा आकडा सगळे वाचतील. मी त्याच्या शेजारचा रकाना उघडणार आहे, सिंधुदुर्गातल्या 20 ते 39 वयाच्या बायकांचा.